मतदार नसलेल्यांचं गाव

आमच्या गावाचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र ठरवायची सभा मंगल कार्यालयात झाली. प्रोजेक्टर होता, शाल-श्रीफळ होतं, सत्कारातच तास गेला. मग एकेकाने उठून आपापलं स्वप्न सांगितलं. व्यापाऱ्यांना शॉपिंग कॉम्प्लेक्स पाहिजे. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांना अभ्यासिका पाहिजे, तीही रात्री उघडी राहणारी. आमच्या महिला मंडळाने बगीचा मागितला. एका पुढाऱ्याने स्वागत कमान आणि कारंजं सुचवलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात कारंजं, पण टाळ्या पडल्या. कुणीतरी रेल्वेचा विषय काढला. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही 284 किलोमीटरची लाइन फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून इथला प्रत्येक प्लॉटवाला डोळे लावून बसला आहे.

चुकीचं कुणीच बोललं नाही. पण मागच्या खुर्चीत बसून मी मोजत होते, की ह्या हॉलमध्ये बाहेरगावचं कोण आहे. कोणीच नव्हतं.

माझं एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे फॉर्म. दिवसभराच्या गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त लोक आजूबाजूच्या खेड्यांतले असतात. बाजाराच्या दिवशी तर गावातला माणूस शोधावा लागतो. कृषी केंद्र, कापड दुकान, दवाखाना, सोनार, भजीवाला, सगळ्यांची चूल खेड्यातून येणाऱ्या पैशावर पेटते. आणि गावाचं भविष्य ठरवताना त्याच माणसाला बोलावणं नाही, कारण तो इथला मतदार नाही.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा तरी भरायची. 2014-15 च्या सुमारास सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. आम्हाला 17 नगरसेवक मिळाले, ग्रामसभा गेली. आता गावाचा विकास आराखडा 1966 च्या नगररचना कायद्याखाली होतो, नकाशा कार्यालयात लागतो, हरकती-सूचनांची मुदत पेपरात छोट्या अक्षरात येते. ह्या नकाशात आठवडी बाजाराचं आरक्षण नाल्यापलीकडे, बायपासच्या अंगाला टाकलेलं. गावातले बरेच जण खूश. मला मात्र पहिलं दिसलं ते स्टँडपासूनचं अंतर.

म्हणून आम्ही काही जणांनी, म्हणजे मी, एक निवृत्त गुरुजी, अभ्यासिकावाली दोन पोरं आणि बाजार समितीत माल मोजणारे एक मापारी काका, नकाशाचं मोठं फ्लेक्स काढलं आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या ओळीत पाल टाकून टांगलं. पहिला तासभर कोणी थांबेचना. लोकांना वाटलं, कोणत्यातरी पार्टीचा प्रचार आहे. एक आजी तर म्हणाल्या, "फोटो कोनाचा हाय बाप्पा ह्या?"

मापारी काकांनी फ्लेक्स खाली उतरवलं आणि चवाळं अंथरून त्यावर आडवं टाकलं. मग फिरवत फिरवत असं लावलं, की नकाशातला नाला खऱ्या नाल्याच्या बाजूला आला, स्टँड स्टँडच्या बाजूला आलं. उत्तर दिशा गेली कुठल्या कुठे, पण बायका खाली बसल्या आणि बोट फिरवायला लागल्या. "हे दवाखाना. ह्ये आपली गुजरी. मंग मी इथं बसतो नं!" पोरांनी शेजारच्या दुकानातून तूर आणि लाल मिरच्या आणल्या. बसता तिथे तुरीचा दाणा ठेवा, त्रास होतो तिथे मिरची ठेवा, एवढंच सांगायचं.

संध्याकाळपर्यंत स्टँडच्या मागच्या भिंतीवर मिरच्यांचा ढीग झाला. का, ते कोणत्याही बाईला विचारायची गरज नाही. सकाळी सातला सांबार (कोथिंबीर), वांगी, भेदरं (टोमॅटो) घेऊन आलेली बाई संध्याकाळच्या गाडीपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. मंगल कार्यालयात आम्ही बायकाही होतो, तरी कारंज्याच्या गावात मुतारीचं नाव कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. दुसरा ढीग नाल्यावरच्या रपट्यावर (ठेंगण्या पुलावर) पडला, म्हणजे नव्या बाजाराच्या वाटेवर. एका भाजीवाल्या मावशीने मिरची ठेवली आणि वर मान करून विचारलं, "एसटीतून उतरून डोक्यावर टोपलं घेऊन मी तिथवर जाऊ कायले? ऑटोवाला चाळीस रुपये घेते. सांबाराची जुडी विकते कितीले?"

व्यापाऱ्यांची बाजूही ऐकायला पाहिजे, आणि ती मला पटतेही. बाजाराच्या दिवशी मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. ग्रामीण रुग्णालयात अॅम्ब्युलन्स न्यायची तर हॉर्न वाजवून ड्रायव्हरचा हात दुखतो. आमच्या समोरचे किराणावाले शेठ मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुण्य कमवा, माझ्या शटरसमोर मिरचीवाला बसतो त्याचं काय?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बाजार हलवू नका म्हणणं सोपं आहे. मग रस्ता मोकळा कसा करायचा, हेही म्हणणाऱ्यानेच सांगायला पाहिजे.

उत्तर एका हमालाच्या बोलण्यातून निघालं. तो नकाशावर बाजार समितीच्या यार्डावर बोट ठेवून म्हणाला, "हंगामात इथं पाय ठेवाले जागा नाही. आखाडात कुत्रं नाही फिरत." कापूस, सोयाबीन, तूर ह्यांचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. तोही आता पहिल्यासारखा राहिला नाही. बराच कापूस सरळ जिनिंगला जातो आणि खेडा खरेदीवाले घरूनच माल उचलतात. बाकीचे महिने शेड, फरशी, हायमास्टचा दिवा, पाण्याची टाकी, सगळं रिकामं. आणि यार्ड स्टँडपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आराखड्यावर गाव एकाच दिवसाचं दिसतं, पण आमचं गाव आखाडात वेगळं आणि दिवाळीनंतर वेगळं असतं.

अडचण एवढीच की यार्ड नगरपंचायतीचं नाही. बाजार समिती ही 1963 च्या कायद्याने चालणारी वेगळी संस्था आहे. गंमत बघा, तिच्या 18 संचालकांपैकी 11 सेवा सहकारी सोसायट्यांमधून आणि 4 ग्रामपंचायतींमधून निवडून येतात. व्यापारी-अडत्यांचे 2 आणि हमाल-मापाऱ्यांचा 1. म्हणजे ज्या खेड्यांना नगरपंचायतीत आवाज नाही, त्यांचे 15 जण रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसलेले आहेत. ह्या दोन संस्थांनी गावाच्या भविष्यावर एकत्र बसून चहा घेतल्याचं माझ्या आठवणीत तरी नाही. गावाचं चित्र एकत्र काढायचं असेल तर ते ह्या दोन टेबलांच्या मध्ये कुठेतरी निघेल, मंगल कार्यालयात नाही.

दुसरं एक हत्यार गुरुजींनी शोधून काढलं. 2014 चा फेरीवाला कायदा. त्यात 50 वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर त्याला वारसा बाजार मानायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं लिहिलं आहे. नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच पाहिजेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया, हेही आहे. आमच्याकडे ही समिती कागदावरसुद्धा कोणी पाहिलेली नाही. पण 50 वर्षं सिद्ध कशी करायची? बाजाराचा हर्रास, म्हणजे वसुलीचा लिलाव, दरवर्षी होतो, ठेकेदार बैठकीची पावती फाडतो; जुन्या पावत्या असतील तर काम होईल, असं गुरुजी म्हणाले. मी बाजारात तसं सांगून ठेवलं.

पुढच्या बाजाराला टोपले विकणाऱ्या एका काकूंनी दुधाची पिशवी आणली. आत सासूच्या वेळच्या पावत्या, हळद लागलेल्या, घडीवर फाटलेल्या, काहींवर शाई उडून नुसता शिक्का राहिलेला. मशीनच्या काचेवर एकेक उलगडून ठेवताना हात जपून चालवावा लागत होता. सर्वांत जुनी 1971 ची निघाली, पंचवीस पैशांची. काकू म्हणाल्या, "फेकाच्या होत्या, पन बुढीनं सांगतलं होतं, सरकारचा कागद फेकू नको."

हरकती आम्ही दुकानातच टाइप केल्या आणि ज्याने-त्याने आपल्या सहीने, अंगठ्याने दिल्या. सुनावणीला काकू आणि नकाशावर मिरची ठेवणाऱ्या भाजीवाल्या मावशी दोघी आल्या. समोरच्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, "तुम्ही कोणत्या प्रभागातल्या?" मावशींनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी कागद बाजूला सरकवला. तेव्हा गुरुजींनी नगररचना कायद्यातलं कलम 28 वाचून दाखवलं: हरकत कोणतीही व्यक्ती देऊ शकते, मतदार पाहिजे असं त्यात नाही. कागद परत पुढे आला आणि नोंदला गेला. निर्णय अजून आलेला नाही.

दरम्यान किराणावाले शेठ, हमालांचा मुकादम आणि भाजीवाल्यांपैकी तिघी-चौघी बाजार समितीत जाऊन बोलून आल्या. होळीनंतर दसऱ्यापर्यंत यार्डात बाजार भरवायला संचालकांचा तत्त्वतः विरोध नाही, भाडं किती, झाडलोट कोणाची, मुतारी कोण बांधणार, ह्यावर गाडी अडली आहे. बैलबाजाराचं काय करायचं ते कोणालाच सुचलेलं नाही, आणि अभ्यासिकेची पोरं म्हणतात की आमचं राहूनच गेलं. हमालांची एकच अट आहे: पालाच्या खुंट्या फरशीत ठोकायच्या नाहीत, वाळूच्या पोत्यांना दोऱ्या बांधायच्या. पोती कोण देणार, ते बुधवारच्या बैठकीत ठरेल.