पाचव्या शीलाला तो गप्प राहिला

दिघ्याला डोंगराच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीत पत्र्याचं बुद्धविहार. रबाळे एमआयडीसीतली नोकरी सांभाळून नऊ वर्षं मी तिथे पोरांचं बघतो. रविवारी सकाळी वंदना, मग दहावीचं गणित.

वर्षावासातला रविवार होता. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज की मी ओरडूनच पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम, देत होतो. मी म्हणायचं, पोरांनी मागून म्हणायचं. दुसऱ्या रांगेतल्या एकाचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर. ‘मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि’ त्याने खणखणीत म्हटलं. पुढे ‘सुरामेरय’ आलं, नशा न करण्याचं पाचवं शील, आणि त्याने ओठ मिटले. मान खाली.

नंतर तो चटया गुंडाळत मागे राहिला. मी विचारलं, “काय रे, पाचवं शील विसरलास?”

“नाही दादा. चौथं आत्ताच घेतलं ना, खोटं बोलणार नाही म्हणून. मग पाचवं कसं म्हणू?”

त्याने खिशातून रुमाल काढला. पंक्चरच्या सोल्युशनचा वास. शाळा सुटल्यावर तो गॅरेजवर कामाला जायचा, तिथून टाकीमागच्या मोठ्या पोरांत. चार महिने चाललं होतं. वय पंधरा.

आम्ही पंचशील पाठांतराची स्पर्धा घेतो. न अडखळता म्हणेल त्याला वह्या. गेल्या वर्षी वह्या यालाच मिळाल्या होत्या. अर्थ मी कुणालाच विचारला नव्हता, आणि हा पोरगा एकटा अर्थ धरून बसला होता. मला फार लाज वाटली.

त्याच्याजवळ बसलो. सांगितलं, सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. कुणाचा हुकूम नाही. समादियामि, मी आपणहून घेतो. मोडलं तर पुन्हा घ्यायचं, म्हणून तर दर वंदनेला घेतो.

माणसं मारायचं सोडून बुद्धांचा भिक्खू झालेल्या अंगुलीमालाची गोष्ट त्याला माहीत होती. म्हणाला, “तो एकदम थांबला. मला नाही जमत.”

गोष्टीचा पुढचा भाग आम्ही पोरांना सांगतच नाही. भिक्खू झाल्यावर अंगुलीमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. तसाच रक्ताळलेला तो बुद्धांकडे परत आला. बुद्ध म्हणाले, सहन कर.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईला तुम्ही सांगा.”

ते सांगणं सगळ्यात जड गेलं. त्याची आई ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करते. ऐकून एवढंच बोलली, “वास यायचा हो मला. वाटायचं गॅरेजचाच असेल.”

सोमवारी सुट्टी टाकली. विटाव्यावरून शेअर रिक्षाने तिघं कळव्याच्या महापालिका रुग्णालयात गेलो, मनोविकार ओपीडीला. डॉक्टरांनी नीट समजावलं: सोल्युशनमधलं टोल्युइन मेंदूवर घाव घालतं, हुंगता हुंगता हृदयही बंद पडू शकतं. उपचार लांबणार होते, पुन्हा पुन्हा यावं लागणार होतं. गॅरेज सोडायचं त्याच दिवशी ठरलं. घरात येणारे ते पैसे कसे भरून काढायचे, यावर परतीच्या रिक्षात आई आणि मी बोलत राहिलो.

पुढच्या रविवारी मी आधी प्रत्येक शीलाचा अर्थ मराठीत सांगितला, मग शील दिलं. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाचव्या ओळीला मागच्या रांगेतले आणखी दोन आवाज थांबले.