अकरा ते सहा ठिपके

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असा समितीचा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. शाळेबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझं लिहिणं टेक्निकलच्या सरांपाशीच थांबणार. नाव लिहायची गरज नाही. नौपाड्यापासून कळव्यापर्यंत आमच्या काळातल्या कुणालाही ‘टेक्निकलचे सर’ म्हटलं की पुरे.

टेक्निकलला आम्ही मुली मोजक्याच. मुलीला काय कारखान्यात पाठवायचंय का, असं आमच्याकडे येणारा-जाणारा विचारायचा. सर एका संध्याकाळी घरी आले, आईने केलेला चहा घेतला आणि “हिचा हात स्थिर आहे, हिला ड्रॉइंग सोडायला लावू नका,” एवढंच बाबांना सांगून गेले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर उभं आहे.

आठवतो तो शारदोत्सवाचा दिवस. ड्रॉइंग हॉलच्या दारात आम्ही अकरा ते सहा ठिपक्यांची रांगोळी घालत होतो. मधली ओळ अकराची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी होत सहापर्यंत. ठिपके देऊन झाले, रेषा जोडणार तोच सर आले. “थांबा गं पोरींनो,” म्हणत खाली बसले आणि चिमटीत रांगोळी घेतली. कडेचे सहा कोपरे जोडून षटकोन केला. मग मधल्या ठिपक्यापासून एक सोडून एक अशा तीन कोपऱ्यांपर्यंत तीन रेघा ओढल्या. आम्हाला काही उलगडेना. “तिथून नाही, भिंतीकडून या,” सर म्हणाले. बाजूला जाऊन पाहिलं तर जमिनीवर खोकं उभं!

“आता कडेवरचे ठिपके मोजा.” कुठलीही कड घ्या, सहाच. खऱ्या खोक्याच्या कडा सारख्या, चित्रातल्याही सारख्या. सर म्हणाले, “हेच आयसोमेट्रिक ड्रॉइंग. आयसॉस म्हणजे समान, मेट्रॉन म्हणजे माप, दोन्ही शब्द ग्रीक. आपली मात्रासुद्धा त्या मेट्रॉनच्याच कुळातली.” चित्रकार ठाणे स्टेशनातले रूळ लांब जाऊन मिळालेले काढतो, ते डोळ्यांना बरोबर वाटतं. पण कारागिराला चित्रावरून माप घ्यायचं असतं, त्याला लांबची कड आखूड झालेली चालत नाही. रांगोळी पुरी व्हायची राहिली, शारदेपुढे ते खोकंच राहिलं.

पुढच्याच तासाला सरांनी विल्यम फॅरिश यांची गोष्ट सांगितली. केंब्रिजचे हे प्राध्यापक सुट्या भागांतून यंत्रांच्या प्रतिकृती जोडून वर्गात दाखवत आणि नंतर मोडून त्याच भागांतून दुसरं यंत्र उभं करत. मदतनीसाला जोडणी समजेल असं चित्र त्यांना हवं होतं. त्या गरजेतून त्यांनी ही पद्धत नियमात बसवली. १८२२ साली केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला आणि पद्धतीला हे नाव मिळालं. तीन अक्ष एकमेकांशी १२० अंशांवर, एक उभा धरला की उरलेले दोन आडव्या रेषेशी ३० अंशांत, म्हणून टी-स्क्वेअरवर (बोर्डावर सरकणाऱ्या आडव्या पट्टीवर) ३० अंशांचा गुण्या, म्हणजे त्रिकोणी पट्टी. काटेकोर प्रक्षेपात, म्हणजे तिरप्या धरलेल्या खोक्याची कागदावर सरळ पडलेली सावली घेतली तर, प्रत्येक कड खऱ्या मापाच्या सुमारे ०.८१६ पट होते, पण तिन्ही दिशांना सारखीच. त्यामुळे पूर्ण मापाने काढलं तरी आकार बिघडत नाही, फक्त चित्र थोडं मोठं येतं. कॉलेजात हे सूत्र म्हणून शिकवलं. मला ते रांगोळीतच कळलं होतं.

हा शब्द पुढे इतर ठिकाणीही भेटला. मिठाचे स्फटिक ज्या गटात मोडतात त्याला आयसोमेट्रिक म्हणतात, कारण तिथेही तीन अक्ष समान. आयसोमेट्रिक व्यायामात भिंत ढकलताना स्नायूची लांबी तेवढीच राहते, फक्त ताण वाढतो. गणितातल्या आयसोमेट्रीत आकृती फिरवा, सरकवा, उलटी करा, बिंदूंमधलं अंतर बदलत नाही. समान काय राहतं हे प्रत्येक शास्त्र आपापलं ठरवतं, पण सरांनी रांगोळीत दाखवलेला अर्थच मला सर्वांत देखणा वाटतो.

आज मी महापेला पाइपिंग डिझाइन करते. आमच्याकडे आयसोमेट्रिक ड्रॉइंगला नुसतं ‘आयसो’ म्हणतात. एकेका पाइपलाइनचा आयसो निघतो. त्यावर उत्तर दिशेचा बाण, मापं, जोड, वेल्ड, सामानाची यादी. तो स्केलवर नसतो, आकडे लिहिलेले असतात, तरी फिटर तो हातात धरून पाइप कापतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत माझे आयसो लागले आहेत, याचा मला अभिमान आहे. आता ते संगणकच मॉडेलमधून काढून देतो. पण साइटवर ऐनवेळी पाइप वळवायचा झाला की कागदावर हातानेच काढावं लागतं, आणि नव्या मुलांना ते जमत नाही, याचं वाईट वाटतं.

परवा शाळेत आले तेव्हा ड्रॉइंग हॉल संगणककक्ष झालेला दिसला. बोर्ड कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं. संगणक हवेतच, पण बोर्डही हवेत. समितीला माझी विनंती आहे की, सरांच्या नावाने एका वर्गापुरते बोर्ड, टी-स्क्वेअर आणि गुण्ये मी घेऊन देते. आठवी-नववीच्या मुलामुलींना शिकवायला शनिवारी मी स्वतः येईन. मुख्याध्यापकांनी फक्त खोली सांगावी.