रस्त्याकडे तोंड असलेली घरे

शिकागोला आल्यानंतरची पहिली तीन वर्षे आम्ही शहराजवळच्या बर्विन या गावात, विटांच्या एका जुन्या बंगल्याच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. त्यानंतर मुलांच्या शाळेसाठी तिथून पंचवीसेक मैलांवर असलेल्या नेपरव्हिल या उपनगरात नव्या वसाहतीतील घर घेतले. आई दोन्ही घरी राहून गेली. बर्विनमध्ये ती रोज सकाळी एकटी फिरायला जात असे आणि परतताना एकदाही घर चुकली नाही. नेपरव्हिलला मात्र दुसऱ्याच दिवशी ती आमच्यापासून चार घरे पलीकडच्या दारात उभी राहून घंटा वाजवत होती. परत आल्यावर तिने विचारले, "इथली सगळी घरे सारखी का रे बांधली आहेत?" मी सांगू लागलो की मोठा बांधकाम व्यावसायिक एकच नकाशा पुनःपुन्हा वापरतो, आणि तिथेच अडखळलो, कारण बर्विनची घरेही एकाच नकाशाची आहेत. मग ती तिथे का चुकली नाही? हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात आहे.

बर्विन हे बंगल्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. 'बंगला' हा शब्द मुळात बंगालच्या ग्रामीण घरावरून आला, इंग्रजांनी तो उचलला, जगभर नेला आणि शिकागोत त्याचे एक वेगळेच रूप स्थिरावले. साधारण १९१० ते १९४० या काळात शिकागो शहरात असे सुमारे ८०,००० बंगले उभे राहिले. शहराच्या मध्यभागाला दुरून वेढणाऱ्या त्यांच्या कमानीसारख्या पट्ट्याला आजही 'बंगला पट्टा' असेच म्हणतात. दीड मजल्याचे, विटांचे, कमी उताराच्या चौपाखी छपराचे आणि रुंद वळचणीचे हे घर साधारणपणे पंचवीस-तीस फूट रुंदीच्या लांबट भूखंडावर बसवलेले असते. खाली पूर्ण उंचीचे तळघर असते, समोर पाच-सात पायऱ्या असतात आणि बैठकीच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने ओळीने खिडक्या असतात. आमच्या घरमालकांच्या खिडक्यांच्या वरच्या भागात हिरव्या आणि मधाच्या रंगाच्या काचांची नक्षी होती. आई ती नक्षी पाहून घर ओळखत असे. शेजारच्या घराच्या काचांत ट्यूलिपची फुले होती आणि त्यापलीकडच्या घरात नुसत्या चौकटी होत्या.

हे बंगले काही श्रीमंतांनी हौसेने बांधलेले नव्हते. बर्विनमध्ये आणि शेजारच्या सिसेरोमध्ये चेक वंशाच्या कुटुंबांची मोठी वस्ती होती. त्यांतील अनेकांची रोजीरोटी सिसेरोच्या हॉथॉर्न येथील टेलिफोनच्या प्रचंड कारखान्यावर चालत असे. या लोकांनी आपापल्या बचत-कर्ज संस्था काढल्या होत्या, आणि सर्माक रस्त्यावर त्या इतक्या दाटीने होत्या की त्या रस्त्याला 'बोहेमियन वॉल स्ट्रीट' असे नाव पडले (बोहेमिया हा चेक लोकांचा मूळ प्रांत). कर्ज जवळच्या माणसांकडून मिळे आणि घर लहान कंत्राटदार बांधून देई. नकाशा जवळपास ठरलेला असला तरी एका कंत्राटदाराच्या वाट्याला एका गल्लीतील थोडीच घरे येत, आणि पुढची दुसऱ्याकडे जात. प्रत्येकाचा वीटवाला वेगळा, काचेचा कारागीर वेगळा आणि गवंड्याचा हातही वेगळा. एकाने दर्शनी भिंतीला तांबडी वीट वापरली, दुसऱ्याने पिवळसर. एकाने खिडकीखाली चुनखडीच्या दगडाची पट्टी दिली, तर दुसऱ्याने कोपऱ्यातील विटा एकाआड एक पुढे काढल्या. घराचा सांगाडा तोच राहिला, पण दृष्टीच्या उंचीवरचे तपशील दर तीस फुटांवर बदलत गेले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या बंगल्यांचीही चांगली वीट फक्त पुढच्या भिंतीला असते. बाजूच्या आणि मागच्या भिंती स्थानिक चिकणमातीच्या, भट्टीत कमी-जास्त भाजलेल्या साध्या विटांच्या आहेत. त्यामुळे नव्या घरांच्या फक्त दर्शनी भागाला वीट लावतात, ही फसवणूक आहे, अशी तक्रार मी ऐकतो तेव्हा ती मला पूर्ण पटत नाही. पैसा वाचवणे तेव्हाही होतेच. फरक इतकाच की ती साधी वीटही वीटच होती, आणि तिच्या रंगांतली अनियमितता आज इतकी मोलाची ठरली आहे की पाडलेल्या इमारतींतील अशा विटा गोळा करून दूरच्या राज्यांत विकल्या जातात.

मला वाटते, आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर विटांपेक्षा मोटारीच्या जागेत आहे. शिकागो आणि त्याच्या लगतच्या जुन्या गावांत रस्ते काटकोनात आखलेले असून घरांच्या दोन रांगांच्या मधून मागच्या बाजूने एक अरुंद बोळ जातो. एकट्या शिकागो शहरात अशा बोळांची लांबी सुमारे १,९०० मैल आहे. मोटारी, कचऱ्याचे डबे आणि विजेचे खांब हे सगळे त्या बोळात असते. त्यामुळे घराची पुढची बाजू माणसांसाठी मोकळी राहते. पायऱ्या, दार, खिडक्या आणि हातभर बाग थेट पदपथाला भिडते. संध्याकाळी लोक त्या पायऱ्यांवर बसतात, आपल्याकडे ओट्यावर बसतात तसे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. दहा-पंधरा फुटांवरून चालत जाणाऱ्या माणसाला खिडकीतील काचेची नक्षी दिसते, म्हणून ती नक्षी करण्यात अर्थ होता.

नव्या वसाहतींत मागचा बोळ नाही. रस्ता वळणे घेत जातो आणि पुष्कळदा एका गोल चौकात संपतो. मोटार पुढूनच आत यायला हवी, म्हणून दोन किंवा तीन मोटारींचे गॅरेज घराच्या दर्शनी भागात येते. आमच्या घराच्या पुढच्या बाजूची जवळजवळ निम्मी रुंदी गॅरेजच्या पांढऱ्या दरवाजाने व्यापलेली आहे. मुख्य दार त्याच्या बाजूला, आत ओढलेले आहे, आणि खरे सांगायचे तर आम्ही ते वापरतही नव्हतो; गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात शिरत असू. आई दारात उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर ओळखायला काही नव्हते. प्रत्येक घर तिला तेच एक बंद दार दाखवत होते. ओरेगॉनमधील पोर्टलंड शहराने १९९९ साली अशा पुढे आलेल्या गॅरेजांवर नियमांनी मर्यादा घातली, कारण त्यांनी गल्लीचा चेहराच झाकला जातो असे तिथल्या लोकांना वाटले.

घर घेताना आम्ही नमुना-घर पाहिले, पाच-सहा नकाशांपैकी एक निवडला आणि मग 'इलेव्हेशन' निवडले. प्रत्येक नकाशाला तीन दर्शनी रूपे होती. अनेक उपनगरांच्या नियमांतच अशी तरतूद असते की एकच रूप शेजारी-शेजारी येता कामा नये. हेतू एकसुरीपणा टाळण्याचा असतो, पण प्रत्यक्षात तीच तीन-चार रूपे पत्ते पिसावे तशी रस्ताभर फिरत राहतात. गल्लीतील सगळी घरे एकाच कंपनीने, एकाच हंगामात, एकाच गोदामातील मालातून बांधलेली असल्यामुळे हाताचा फरक कुठेच पडत नाही. मग वेगळेपणा आणायचा कुठे, तर छपरात. १९५० च्या दशकात फ्लोरिडात दातेरी पत्र्यांनी जोडलेल्या लाकडी कैच्या, म्हणजे छपराचे तयार त्रिकोणी सांगाडे, कारखान्यात बनू लागल्या, आणि तेव्हापासून गुंतागुंतीचे छप्पर स्वस्त झाले. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने चार त्रिकोणी शिखरे आहेत, ज्यांतील दोघांच्या आत खोलीच नाही. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या झडपा भिंतीवर खिळलेल्या आहेत. त्या मिटल्या जात नाहीत, आणि मिटल्या तरी खिडकी झाकणार नाही इतक्या त्या अरुंद आहेत. बाजूच्या तीन भिंतींना फिक्या राखाडी व्हायनिलच्या पट्ट्या आहेत. ही सजावट रस्त्यावरून ताशी पंचवीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्याला पुरते. चालणारा जवळ येतो तेव्हा तिच्याजवळ दाखवण्यासारखे काही उरत नाही.

याला एक मोठा इतिहासही आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना विमा दिला, आणि वसाहत कशी आखावी याच्या पुस्तिकाही काढल्या, ज्यांत काटकोनी रस्त्यांऐवजी वळणदार आणि बंद टोकाचे रस्ते सुचवलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ पासून काही वर्षांत सतराहजारांहून अधिक घरे जवळपास एकाच साच्यातून उभी राहिली. नेपरव्हिलची लोकसंख्या १९५० साली सुमारे सात हजार होती आणि २०२० साली ती दीड लाखाच्या घरात पोहोचली; इतक्या वेगाने मक्याच्या शेतांचे गाव झाले की हाताने घडवायला वेळच नव्हता. लेव्हिटाउनचे पुढे जे झाले ते मात्र मला मोलाचे वाटते. तिथल्या मालकांनी माळे वाढवले, पडव्या काढल्या, झाडे लावली, आणि आज ती घरे एकमेकांसारखी दिसत नाहीत. आमच्या वसाहतीत असे होणे कठीण आहे, कारण इथल्या रहिवासी संघटनेची, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या मंडळाची, रंगांची यादी आहे, कुंपणाची उंची ठरलेली आहे आणि प्रत्येक बदलाला लेखी परवानगी लागते. सगळ्यांना पुढच्या गिऱ्हाइकाची काळजी असते. जो अजून आलेलाच नाही त्याच्या आवडीचे घर सांभाळत आम्ही त्यात राहतो.

नव्या घराचे गुण मी नाकारत नाही. बर्विनच्या माळ्यावर जानेवारीत खिडकीच्या फटींतून वारा येई आणि आम्ही तिथे चादरी खोचत असू. इथे हिवाळा जाणवतही नाही. १९७३ साली अमेरिकेतील नवे घर सुमारे १,५०० चौरस फुटांचे असे, आणि २०१५ पर्यंत तो आकडा २,५०० च्या जवळ गेला. आईवडील सहा महिने राहायला येतात तेव्हा खालची स्वतंत्र खोली किती उपयोगी पडते, हे इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे. शिवाय जुन्या गल्ल्यांत त्या काळची वाईट घरे पडून गेली आहेत आणि साठ-सत्तर वर्षांच्या झाडांनी उरलेल्यांना सावली दिली आहे. त्या देखण्या गल्ल्या सगळ्यांसाठी खुल्याही नव्हत्या: सिसेरोत १९५१ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाला राहायला येऊ न देण्यासाठी हजारोंचा जमाव जमला होता. एवढे सगळे मान्य केल्यावरही पदपथाला भिडलेली ती खिडकी मला हवी वाटते. तिला जास्त पैसे लागत नाहीत, फक्त मोटार मागे ठेवण्याची तयारी लागते.

मागच्या वसंत ऋतूत आम्ही मुख्य दाराला गडद तांबडा रंग देण्याची परवानगी मागितली. पहिला अर्ज नाकारला गेला, दुसरा मंजूर झाला, कारण यादीतील एक छटा आम्हाला हवी होती तिच्याजवळची निघाली. पुढच्या हिरवळीत इलिनॉयचाच एक बर ओक लावला आहे, जो सध्या माझ्या खांद्याएवढा आहे. गॅरेजऐवजी पुढच्या दारातून ये-जा करायची, असेही आम्ही ठरवले आहे. त्यामुळे शेजारच्या आजोबांशी रोज दोन शब्द होतात, आणि त्यांनीही परवा पायरीवर एक खुर्ची आणून ठेवली. आई जूनमध्ये येणार आहे. तिला फोनवर दाराचा रंग सांगितला, तेव्हा तिने विचारले, "आणि खिडकीला काच कसली आहे?"