बॅकअप सर्वर वाढवताय? डिस्क घ्यायच्या आधी लायसन्स मोजून घ्या

आमचं प्लास्टिक चटईचं युनिट जळगाव एमआयडीसीत, डेपो धुळ्याला आणि गोडाऊन भुसावळला. बॅकअपची जागा भरत आली म्हणून अजून एक सर्वर इथे आणि एक कॉपी धुळ्याला ठेवायची असं ठरलंय. तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, किती टीबी घेतोयस, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कोणतं लावणार. लायसन्सचं कोणीच विचारत नाही आणि खरा पैसा तिथेच जातो म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात छोट्या-मध्यम कंपन्यांत आयटी सांभाळणारा एकटाच माणूस असतो आणि त्याला हे सांगायला कोणी नसतं.

मुद्दा साधा आहे. डिस्क एकदा घेतली की घेतली. लायसन्स मात्र कशावर मोजतात ते प्रत्येकाचं वेगळं. कोणी सीपीयूच्या सॉकेटवर (मशीनमध्ये प्रोसेसर किती) मोजतं, कोणी कोअरवर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग किती), कोणी किती व्हीएम (एकाच मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे सर्वर) आणि पीसीचा बॅकअप घेता त्यावर, कोणी टीबीवर. टीबीमध्ये पण दोन प्रकार, मूळ डेटा किती आहे तो आणि बॅकअप साठवून किती जागा झाली ती. ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ डेटावर मोजत असतील तर तुम्ही बॅकअप वर्षभर ठेवा नाहीतर आठ वर्षं ठेवा, लायसन्स तेवढंच. साठवलेल्या जागेवर मोजत असतील तर नुसती जुनी कॉपी सांभाळायचे दरवर्षी जास्त पैसे, आणि धुळ्याची दुसरी कॉपी पण मोजणार का हे वेगळं विचारावं लागतं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची असतात, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे जुना डेटा उडवून जागा करू हा पर्याय आपल्याला तसा नाहीच.

वीम ह्या बॅकअप सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतो कारण इकडे बऱ्याच जणांकडे तेच आहे. दहा वर्कलोडपर्यंत, म्हणजे बॅकअप घ्यायच्या दहा मशीनपर्यंत, कम्युनिटी एडिशन फुकट, कंपनीत वापरायलाही चालतं. त्यापुढे युनिव्हर्सल लायसन्स, एका सर्वरला किंवा व्हीएमला एक, साध्या पीसी असतील तर तीन मिळून एक, आणि फाइल शेअरचा बॅकअप नॅस (नेटवर्कवरून वापरायची फाइल साठवण) म्हणून घेतला तर दर ५०० जीबीला एक. आता बघा, समजा फाइल सर्वरवर डिझाइनच्या फाइली आणि स्कॅन केलेली बिलं मिळून ६ टीबी आहेत. नॅस शेअर म्हणून बॅकअप लावला तर १२ लायसन्स गेली, आणि तोच फाइल सर्वर व्हीएम असेल आणि अख्ख्या व्हीएमचा बॅकअप घेतला तर एकात काम होतं. डेटा तोच, डिस्क तीच. बॅकअप सर्वर, प्रॉक्सी (डेटा वाहून नेणारं मशीन), रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) कितीही वाढवा त्याचे वीम वेगळे पैसे घेत नाही ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे धुळ्याला मशीन ठेवलं म्हणून तिथलं बॅकअप सॉफ्टवेअरचं बिल वाढत नाही.

वाढतं ते विंडोजचं. विंडोज सर्वर २०१६ पासून कोअरवर मोजतात, प्रत्येक प्रोसेसरला कमीत कमी ८ आणि एका सर्वरला कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, मशीनमध्ये चारच कोअर असले तरी. मला आलेल्या कोटेशनमध्ये १६ कोअरचे दोन प्रोसेसर टाकलेले होते, म्हणजे ३२ कोअर, म्हणजे विंडोज स्टँडर्ड सरळ दुप्पट. बॅकअप सर्वरला एवढे कोअर करायचेत काय? कॉम्प्रेशनला थोडा सीपीयू लागतो हे खरं, पण त्याचं खरं काम डिस्क आणि नेटवर्कवर असतं. एकच १६ कोअरचा प्रोसेसर घ्या, नाहीतरी १६ चे पैसे भरायचेच आहेत. ही एक ओळ बदलली तर प्रोसेसर आणि लायसन्स दोन्हीकडे फरक पडतो, कोटेशन वाचताना मी आता पहिले तीच ओळ बघतो.

मग कॅल, म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स. सर्वर वापरणाऱ्या प्रत्येक युजरला किंवा डिव्हाइसला कॅल लागतो आणि तो सर्वरच्या व्हर्जनचा किंवा त्याहून नवा पाहिजे. इथे बरेच जण अडकतात. जुना सर्वर २०१६, कॅल २०१६ चे, सगळं व्यवस्थित, आणि बॅकअपला नवीन मशीन आलं त्यावर २०२५ टाकला आणि त्याच्या शेअरवर पीसींकडून फाइली टाकायला लागलात की जुने कॅल तिथे चालत नाहीत. आमच्याकडे शॉप फ्लोअरला एका पीसीवर तीन शिफ्टचे तीन ऑपरेटर बसतात, तिथे डिव्हाइस कॅल स्वस्त पडतो, आणि मार्केटिंगवाल्यांकडे लॅपटॉप अधिक मोबाईल, तिथे युजर कॅल. सगळ्यांना सरसकट एकच प्रकार घेऊ नका.

ह्यातून सुटायला बॅकअपची रिपॉझिटरी लिनक्सवर ठेवायची, मी धुळ्यासाठी तेच करतोय. डेबियन किंवा उबुंटू एलटीएस, ना कोअर मोजायचे ना कॅल. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्वर पण चांगला आहे, एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स, डेटा किती आणि क्लायंट किती ह्यावर काही मर्यादा नाही, सबस्क्रिप्शन घ्यायचं तर प्रत्येक सर्वरला एक आणि तेही सपोर्ट आणि एंटरप्राइझ रिपॉझिटरीसाठी (इथे रिपॉझिटरी म्हणजे अपडेट मिळायची जागा). ओपन सोर्स म्हणजे अटी नाहीत असं मात्र समजू नका, एजीपीएलमध्ये तुम्ही कोड बदलून नेटवर्कवरून दुसऱ्यांना सेवा दिली तर बदललेला कोड त्यांना द्यावा लागतो, नुसतं आपल्या कंपनीत जसं आहे तसं वापरलं तर तो प्रश्न येत नाही. सायनॉलॉजीचा प्लस सिरीजचा नॅस असेल तर त्यातलं अ‍ॅक्टिव्ह बॅकअप वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतं, छोट्या ऑफिसला तेवढं पुरतं. आणि ज्यांच्याकडे व्हीएमवेअरचं फुकटचं ईएसएक्सआय (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) आहे त्यांनी लक्षात ठेवा, त्यात बॅकअपची एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला आत जोडायचा रस्ता) बंद असते, वीमसारखं सॉफ्टवेअर त्यातल्या व्हीएमचा सरळ बॅकअप घेऊच शकत नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमचं लायसन्स विकणं बंद झालं, आता सबस्क्रिप्शनच, म्हणून तिकडे वाढवायचं तर दहादा विचार करा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रिस्टोअरच्या दिवसाची. मेन सर्वर जळाला, बॅकअप सर्वरवरच व्हीएम उभी केली, काम सुरू झालं, फार छान. पण विंडोजचं लायसन्स कोणत्या मशीनला लावलेलं आहे? ओईएम असेल, म्हणजे सर्वरसोबत आलेलं, तर ते त्या हार्डवेअरलाच बांधलेलं, हार्डवेअर गेलं की लायसन्स पण गेलं. व्हॉल्यूमचं, म्हणजे कंपनीने मशीनपासून वेगळं घेतलेलं असेल तर दुसऱ्या मशीनला लावता येतं, एरवी ९० दिवसांत एकदाच, पण हार्डवेअर कायमचं बिघडलं असेल तर आधीही चालतं. स्टँडर्डमध्ये सगळे कोअर भरले की दोन व्हीएम चालवायचा हक्क मिळतो, चार व्हीएम उभ्या करायच्या असतील तर तेच कोअर परत एकदा भरायचे. बॅकअप सर्वरला रिकव्हरीसाठी पण वापरायचं असेल तर हा हिशोब खरेदीच्या वेळीच करायला पाहिजे.

आमच्या रिस्टोअर टेस्टला काय झालं ते सांगतो. एसक्यूएल उभं राहिलं, डेटाबेस उघडला, आकडे जुळले, आणि ईआरपीची (कंपनीचा सगळा कारभार चालवायचं सॉफ्टवेअर) लॉगिन स्क्रीन आली तर खाली लाल अक्षरात, लायसन्स ह्या मशीनसाठी वैध नाही. नेटवर्क कार्डचा मॅक नंबर बदलला होता आणि ईआरपीवाल्यांची लायसन्स-की त्याला बांधलेली. रविवार होता, सपोर्टचा फोन कोणी उचलला नाही. टेस्ट होती म्हणून निभावलं. आता त्या ईआरपीवाल्यांकडून लेखी घेतलंय की स्टँडबाय मशीनची की आधीच मिळेल. टॅलीचंही तसंच, डेटाची कॉपी कुठेही ठेवा त्याला लायसन्स लागत नाही, पण नवीन मशीनवर पूर्ण वापरायचं तर लायसन्स तिथे अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं, म्हणून सिरियल नंबर आणि अ‍ॅडमिनचा ईमेल कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, त्याच सर्वरवरच्या वर्डच्या फाइलमध्ये नको. आणि बॅकअप सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनचं असेल तर ते संपल्यावर जुना बॅकअप रिस्टोअर करता येतो का, हे घ्यायच्या आधी ईमेलवर विचारा, फोनवर नाही.

अकाउंटचे आबा अमळनेरकडचे. मी हे सगळं मांडायला बसलो तर म्हणाले, "कितला पैसा लागतीन ते सांग पहिले." त्यांचं बरोबर आहे, म्हणून आता शेठना कागद देताना मी पाच वर्षांचा आकडा देतो, रिन्यूअल आणि १८ टक्के जीएसटी धरून. पहिल्या वर्षीचा आकडा बघून स्वस्त वाटलेली वस्तू तिसऱ्या वर्षी महाग निघते.

ऑनलाइन हजार-दोन हजारात विंडोज सर्वरची की मिळते ती घेऊ नका भो. की चालली म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं, कंपनीच्या नावाचं बिल आणि लायसन्सचा कागद पाहिजे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे पायरेटेड प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, कोर्टाने काही सूट दिली तर वेगळं. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रॅमची, हरवला-बिघडला तर असावी म्हणून बॅकअप कॉपी करायला परवानगी आहे, म्हणजे सरळ मार्गाने घेतलं तर कायदा आपल्याच बाजूने आहे.

अजून एक, प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्वरवर ठेवणं बंधनकारक आहे. क्लाउड जोडणार असाल तर रीजन मुंबई किंवा हैदराबाद असा भारतातलाच निवडा.

आमची ऑर्डर गेली आहे, एका प्रोसेसरचं मशीन, इथे विंडोज आणि धुळ्याला डेबियन. रिन्यूअलच्या सगळ्या तारखा आबांच्या आणि माझ्या अशा दोन्ही कॅलेंडरवर टाकल्यात. कॅलची मोजणी अजून चालू आहे, भुसावळच्या गोडाऊनला किती पीसी आणि किती स्कॅनर सर्वरला जोडलेत ते तिथे जाऊन बघितल्याशिवाय आकडा देणार नाही.