रोम शिकवायचं तर १९३ चिठ्ठ्या करा

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. सीबीएसईच्या अकरावीला रोमन साम्राज्यावर एक प्रकरण आहे आणि ते चांगलंच जड आहे. पण खरी अडचण त्याच्या जडपणाची नाही. प्रकरण सुरू होतं ते पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. २७ पासून. त्याआधी जवळपास पाचशे वर्षं रोमला राजा नव्हता, तो सगळा काळ तिथे जाता जाता उरकलेला. मुलं वर्गात येतात तीच मुळी ग्लॅडिएटर आणि रोम जळत असताना वाद्य वाजवणारा निरो डोक्यात घेऊन. प्रजासत्ताक काय होतं हेच ठाऊक नसेल तर ऑगस्टसनं त्याचं काय केलं, हे कुणाला आणि कसं कळावं? म्हणून पुस्तक उघडण्याआधी थोडं मागे जायचं मी ठरवलं. 'पोर्शन पुरा होईल ना?' एवढंच वरून विचारलं गेलं. इतिहासाच्या शिक्षकाला या प्रश्नाची सवय असते.

सुरुवात फळ्यावरच्या कोष्टकानं केली. इ.स.पू. ५०९ मध्ये राजा टार्क्विनला हाकलल्याची पारंपरिक तारीख, आणि खाली पदं. सर्वांत वर दोन कॉन्सल, मुदत एकच वर्ष, आणि एकाच्या निर्णयाला दुसरा सरळ अडवू शकतो. खाली प्रेटर (न्यायदान), ईडाईल (बाजार-रस्ते), क्वेस्टर (खजिना). संकट आलं तर एक डिक्टेटर, तोही फार तर सहा महिने. बाजूला सिनेट, जिचं काम कागदोपत्री फक्त सल्ला देणं. पण तो सल्ला डावलायची छाती फार थोड्यांना झाली. 'दोन मुख्यमंत्री, आणि दोघांचं पटलं नाही तर?' असा प्रश्न लगेच आला. तर काम अडतं, मी म्हटलं, आणि एका माणसाच्या हाती सगळं जाण्यापेक्षा अडलेलं काम रोमनांना परवडत होतं.

कोष्टक वहीत उतरलं, पण वर्गाला जाग आली ती चिठ्ठ्यांनी. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या आमच्या शिपाईमामांनी १९३ चिठ्ठ्या कापून दिल्या. १९३ कारण कॉन्सल निवडणाऱ्या रोमच्या 'सेंच्युरी' सभेत तेवढे गट होते, आणि मत माणसाचं नव्हे, गटाचं मोजलं जायचं. घोडेस्वारांचे १८ गट, सर्वांत श्रीमंत पहिल्या वर्गाचे ८०. दुसऱ्या ते पाचव्या वर्गाचे मिळून ९०, कारागीर आणि वाजंत्र्यांचे ४. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्यांचा मिळून एक. मी पहिल्या बाकांवरच्या पाच जणांना ९८ चिठ्ठ्या दिल्या. मधल्या रांगांना ९४. मागच्या वीस जणांना मिळून एक चिठ्ठी. विषय ठेवला सहलीचा: हंपी की वॉटर पार्क.

पाच जणांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुम्ही आपसात ठरवून घ्या. त्यांनी हंपी ठरवलं. मग नियमाप्रमाणे सर्वांत श्रीमंतांना आधी बोलावलं, एकेक चिठ्ठी मोठ्यानं मोजली आणि ९७ व्या चिठ्ठीला खडू ठेवला. निकाल लागला, सभा संपली. बहुमत झालं की पुढच्यांना बोलवायचंच नाही, ही रोमचीच रीत. मागून एक मुलगी उभी राहिली, हातात घडी घातलेला तो एकुलता कागद. 'मॅडम, आमची चिठ्ठी उघडायची राहिली की!'

त्यानंतर जे भांडण झालं ते मी थांबवलं नाही. ज्याच्या वडिलांचा शेअर बाजाराशी संबंध आहे असा एक जण ठामपणे म्हणाला, की यात चूक काय, कंपनीच्या सभेत ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त असतंच. शिरोळकडचा एक जण उसळून म्हणाला, 'मग साखर कारखान्यात का नसतं? दहा एकरवाल्याला पण एक मत आणि दहा गुंठेवाल्याला पण एकच!' सहकारातला एक सभासद, एक मत हा नियम समजावून सांगायला मला कधी इतकं आयतं उदाहरण मिळालं नव्हतं. मग मी रोमनांची बाजू मांडली: कर आणि लष्करी सेवेचा बोजा मालमत्तेवर ठरायचा, आणि त्या सगळ्यांत खालच्या गटाला बहुतेक वेळा सैन्यात जावंच लागत नसे. यावर दोन-चार माना डोलल्या. प्रत्येक वर्गातले निम्मे गट ४६ वर्षांवरच्यांचे, निम्मे त्याखालच्यांचे, म्हणजे संख्येनं कमी असलेल्या म्हाताऱ्यांना तरुणांइतकीच मतं, हे सांगितल्यावर मात्र डोललेल्या मानाही थांबल्या. (इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाचे गट ८० वरून ७० वर आणले. तेव्हापासून वरच्यांना एकट्यानं बहुमत गाठता येईना. हेही सांगितलं, नाहीतर चित्र एकांगी झालं असतं.)

मुलींनी विचारलं, यात आम्ही कुठं? कुठंच नाही. रोमन बाईला मत नव्हतं, पद नव्हतं, आणि स्वतःचं असं वेगळं नावही नसायचं. ज्यूलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी ज्यूलिया. पण इ.स.पू. १९५ मध्ये बायकांच्या दागिन्या-कपड्यांवर बंधनं घालणारा ऑपियस कायदा रद्द व्हावा म्हणून याच बायका रस्त्यावर उतरल्या, आणि केटोसारख्या कडव्या कॉन्सलनं विरोध करूनही तो रद्द झाला. हे ऐकून एका बाजूला टाळ्या पडल्या.

ट्रिब्यूनची गोष्ट सोपी गेली. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जानं पिचलेले सामान्य लोक शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले, आणि त्यातून त्यांना स्वतःचे अधिकारी मिळाले, तेच ट्रिब्यून. ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि त्यानं 'मनाई' म्हटलं की कॉन्सलचंही काम थांबतं. मग टायबेरियस ग्रॅकस, असाच एक ट्रिब्यून. इ.स.पू. १३३ मध्ये त्यानं सरकारी जमीन ५०० युगेरांच्या वर कुणी धरू नये, उरलेली गरिबांत वाटावी, असा कायदा आणला. ५०० युगेर म्हणजे ३१० एकरांच्या आसपास. फळ्यावर आकडा लिहून होतो न होतो तोच शिरोळ पुन्हा बोललं: 'सिलिंग!' आपला सिलिंगचा, म्हणजे कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. त्यात बारमाही बागायतीला आज १८ एकरांची मर्यादा आहे, हे त्याला घरूनच पाठ होतं. फरक एवढाच सांगितला, की आपला कायदा खासगी जमिनीलाही लागतो आणि ग्रॅकसचा फक्त सरकारी जमिनीवर बसलेल्यांना. ती जमीन बळकावून बसलेले बरेच जण सिनेटमध्येच होते. टायबेरियसला त्याच वर्षी बाकांचे पाय आणि दांडकी घेऊन आलेल्या सिनेटरांच्या जमावानं मारलं, त्याच्याबरोबर सुमारे तीनशे लोक, आणि प्रेतं टायबर नदीत टाकली. ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही असा कायदा होता, तो माणूस. पुढचं शतक सेनापतींच्या रक्तपातातच गेलं: मारियस, सुल्ला, सीझर. ते मी भराभर उरकलं, लढाया मुलं स्वतःच वाचतात.

मग आलं पुस्तकाचं पहिलं पान. पदांचं जुनं कोष्टक पुन्हा फळ्यावर काढलं आणि ऑगस्टसकडे कोणकोणते अधिकार आले तिथे मुलांना खुणा करायला लावल्या. सैन्य असलेले बहुतेक प्रांत त्याच्याकडे. इ.स.पू. २३ मध्ये ट्रिब्यून न होताच ट्रिब्यूनचे अधिकार. कॉन्सलपद अनेकदा. इ.स.पू. १२ मध्ये मुख्य पुरोहितपदही. नवी चौकट एकही नाही, आणि जुन्या जवळपास सगळ्या चौकटींत एकच नाव. 'म्हणजे मंत्रिमंडळ तसंच, फक्त सगळी खाती स्वतःकडे,' एक मुलगा म्हणाला. याहून चांगली टीप मला लिहून देता आली नसती.

गुलामगिरीचा तास अवघड जातो, आणि तो सोपा करू नये असं माझं मत आहे. ग्लॅडिएटरचं आकर्षण मोडायला मी रोमन इतिहासकार टॅसिटसनं नोंदवलेला एक खटला वापरते. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामानं खून केला. जुन्या रिवाजानुसार मालकाचा खून झाला की त्या छपराखालच्या प्रत्येक गुलामाला देहदंड. त्या घरात ४०० गुलाम होते, बायका-मुलं धरून. रोमच्या सामान्य लोकांनी दंगा केला, की निरपराधांना मारू नका. सिनेटमध्ये चर्चा झाली, आणि गायस कॅशियस लाँगायनस उभा राहून म्हणाला, की धाकाशिवाय ही माणसं ताब्यात राहणार नाहीत. निरोनं रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशेच्या चारशे मारले गेले.

वर्गाचे दोन भाग करून मी त्यांना सिनेट बनवलं. कॅशियसची बाजू घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्या मुलीच्या वाट्याला ती आली, ती आधी रुसली आणि मग इतकं मुद्देसूद बोलली की समोरचे गडबडले: आज सोडलं तर उद्या प्रत्येक घरात मालकाला झोप लागणार नाही, थोडे निरपराध मरतील पण व्यवस्था टिकेल. बसताना म्हणाली, 'मॅडम, हे बोलायला इतकं सोपं कसं गेलं मला?' मी उत्तर दिलं नाही. तासाच्या शेवटी एवढंच सांगितलं, की हा कॅशियस कुणी क्रूर सरदार नव्हता. तो त्याच्या काळातला अव्वल कायदेपंडित होता, आणि कायदेपंडितांच्या एका अख्ख्या परंपरेला त्याचं नाव आहे. रोमन कायद्याचं गुणगान पुढे येणारच होतं. त्याआधी हे कानावर पडलेलं बरं.

जातीचा प्रश्न निघाला, महाराष्ट्रातल्या वर्गात तो निघणारच. मुक्त केलेला गुलाम रीतसर मुक्त झाला तर रोमचा नागरिक व्हायचा, मालकाचं घराण्याचं नाव लावायचा, त्याच्या स्वतंत्र जन्मलेल्या मुलाला पदाची निवडणूक लढवता यायची. रोममध्ये युरिसेसीस नावाच्या बेकरीवाल्याची भलीमोठी समाधी आजही उभी आहे. तो असाच मुक्त झालेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. जातीतून असं बाहेर पडता येत नाही. उलट, जातीनं खालच्या ठरवलेल्या माणसाचा बाजारात लिलाव होत नव्हता. कोणतं जास्त वाईट, ही शर्यत मी लावू दिली नाही.

टाऊन हॉलच्या म्युझियमला मुद्दाम उशिरा नेलं. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जे सापडलं, त्यात काशाची समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे, आणि रोमन बनावटीची इतर भांडीकुंडीही. ब्रह्मपुरीजवळून यातली निम्मी मुलं रोज गाडीवरून जातात. मूर्तीचा उजवा हात वर, त्यातलं त्रिशूळ गळून गेलेलं. वर्ग एका काचेभोवती इतका दाटला की रखवालदारानं दोनदा 'काचेला टेकू नका' म्हणून सांगितलं. हा इथं आला कसा? मग सोपारा, कल्याणची बंदरं, घाट, पैठण आणि तेर, सातवाहनांचा काळ. हिंदुस्थान आपल्याकडून दरसाल पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची कुरकुर मी तिथंच वाचून दाखवली. मुलांना त्याचं फार वाईट वाटलं नाही.

वारशाच्या तासाला सहसा रस्ते, कमानी, लॅटिन शब्द येतात. मी कायदा घेतला, कारण तो जवळच सापडतो. वर्गात एकीचं आजोळ डिचोलीचं. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेतून आलेला कायदा आजही चालतो, आणि त्यानुसार मुलं असतील तर मृत्युपत्रानं निम्म्याच मालमत्तेची मनाप्रमाणे वाट लावता येते. उरलेली निम्मी त्यांची, बाप कितीही रागावला तरी. आमच्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता बापानं सगळीच्या सगळी देवळाला दिली तरी मुलांना बोलता येत नाही. मुलांना अगदीच डावललं तर ते मृत्युपत्राविरुद्ध दाद मागू शकतात, ही रोमची कल्पना. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं हा हिस्सा वाढवला: चारपर्यंत मुलं असतील तर सगळ्यांना मिळून एक तृतीयांश, जास्त असतील तर निम्मा. तिथून युरोपच्या संहिता, तिथून लिस्बन, तिथून डिचोली. 'आमच्या मामाला सांगते, त्याला वाटतं हे सरकारनं काढलंय,' ती म्हणाली.

पोर्शन वेळेत पुरा झाला, हे नोंदवून ठेवते. परीक्षेत 'ऑगस्टसनं प्रजासत्ताक मोडलं की टिकवलं?' असा प्रश्न दिला. बहुतेकांनी मोडलं असं लिहिलं. ज्यांनी टिकवलं लिहिलं त्यांची उत्तरं जास्त वाचनीय होती. पुढचं प्रकरण मंगोलांचं. चंगीझ खानाचं नाव फळ्यावर लिहिलं आणि वळायच्या आत मागून आवाज आला, 'मॅडम, ह्यांच्यात मतं कशी मोजायची?' १२०६ च्या कुरुलताईवर, म्हणजे मंगोल सरदारांच्या सभेवर, काय मिळतं ते बघायला मला मधल्या सुट्टीत लायब्ररी गाठावी लागली.