कॅसेट तुमची, गाणं कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशकात वकिलाला लोक गाठतात ते सातबाऱ्यासाठी, पण हल्ली मला सारखं हेच विचारलं जातं, "घरातल्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर घेतल्या तर गुन्हा होतो का हो?"

विकत घेतलेली कॅसेट असेल आणि प्रत स्वतःच्या ऐकण्यापुरतीच असेल, तर काळजी नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापराला मुभा देतं. गंमत अशी, की गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांना आणि चित्रपटांना ही मुभा लागू झाली ती २०१२ च्या दुरुस्तीनं. मेन रोडवर गाण्यांची यादी देऊन आपण नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घ्यायचो, तेव्हा कायदा आपल्या बाजूनं नव्हताच. टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले आणि मग तो उदार झाला! भरून देणाऱ्या दुकानदाराला मात्र आजही ही सवलत नाही. त्याचा तो धंदा होता.

"मग फॅमिली ग्रुपवर टाकू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. दोनशे जणांच्या ग्रुपला खासगी वापर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि सॉफ्टवेअरच्या सीडीला ही खासगी वापराची मुभा मुळातच नाही.

खरा पेच गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेतल्या टेपांचा. एक काका पिशवीभर घेऊन आले होते. "टेप माझी, रेकॉर्डर माझा, पुढच्या रांगेत बसून मीच टिपलंय. मग यूट्यूबवर टाकायला कुणाची परवानगी?" काका, जाहीर भाषणाचा कॉपीराइट बोलणाऱ्याचा असतो. तो गेल्यावरही ६० वर्षं वारसांकडे राहतो. घरी खुशाल ऐका, नातवंडांना ऐकवा. पण नेटवर टाकण्याआधी वारसांची लेखी संमती घ्या. माझ्या मते बहुतेक घरं आनंदानं देतील. वडिलांचा आवाज त्यांच्याकडेही नसतो.

जुन्या तबकड्यांचं गणित निराळं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाचं वर्ष सरल्यावर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे, तेही त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालणारे. तेव्हा तबकडी घेऊन याल तेव्हा तिच्यावरची नावंही वाचून या.