बुलेट ट्रेनचा हिशेब: व्याज सोडा, मुद्दल बघा

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनवर वाद निघाला की ‘जपानने जवळजवळ फुकटच पैसे दिलेत’ हे हमखास ऐकू येतं. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं हप्ता नाही, हे सगळं खरं. पण मुद्दल फेडावंच लागतं, आणि तेही येनमध्ये. येन वधारला तर स्वस्त व्याजाचा फायदा तिथेच जिरतो.

२०१७ साली भूमिपूजन झालं तेव्हाचा अंदाज १.०८ लाख कोटींचा. त्यातले ८१ टक्के कर्ज, म्हणजे साधारण ८८,००० कोटी. ते ३५ वर्षांत फेडायचं तर वर्षाला अडीच हजार कोटी. सुरुवातीला रोज एका दिशेने १७,९०० प्रवासी गृहीत धरले होते; दोन्ही बाजूंचे मिळून वर्षाला १.३ कोटी. म्हणजे डोईमागे १,९०० रुपये नुसत्या मुद्दलाचे! वीज, देखभाल, पगार अजून बाजूलाच आहेत. हप्ते सुरू होईपर्यंत प्रवासी वाढतील, मान्य. पण रखडपट्टीत खर्चही वाढलाच.

५०८ किमी मार्गाचा बहुतेक भाग खांबांवर आहे. ही चैन नव्हे. जमिनीची पट्टी अरुंद लागते, फाटकं नाहीत, गुरं आडवी येत नाहीत, पावसाचं पाणी अडत नाही. ४० मीटरचा, ९७० टनांचा गर्डर (दोन खांबांवर टेकणारी काँक्रीटची तुळई) यार्डातच ओतून अख्खा उचलून बसवतात. तुकडे जोडत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी वेगाने होतं. खरी अडचण महाराष्ट्राच्या टोकाला: बीकेसी (मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल, इथेच मुंबईचं स्टेशन) ते शिळफाटा २१ किमी बोगदा, त्यातले ७ किमी ठाणे खाडीखाली.

आणि दोन रुळांमधलं अंतर इथे १४३५ मिमी, आपल्या नेहमीच्या रेल्वेचं १६७६. फ्रान्समध्ये वेगवान गाडी शहराजवळ आली की जुन्याच रुळांवरून जुन्या स्टेशनात शिरते. इथे ती सोय नाही. गुजरातचा भाग आधी तयार झाला तरी बोगदा होईपर्यंत बीकेसीच्या प्रवाशाला त्याचा उपयोग शून्य.

वेळेचा फायदा मात्र मोठा आहे. मोजक्या थांब्यांची गाडी २ तास ७ मिनिटांत पोचेल, सगळीकडे थांबणारी २ तास ५८ मिनिटांत. ताशी ३२० किमीच्या वेगातून थांबून पुन्हा वेग घ्यायला लागणारा वेळ या ५१ मिनिटांत दिसतो. त्यामुळे विरार-बोईसरकरांनी नुसतं स्टेशन मिळालं म्हणून खूश होऊ नये. तिथे दिवसाला किती गाड्या थांबणार, हे आधी विचारावं.